लागलेली गाडी

"ही गाडी सकाळपासून चालू केलेली नाही म्हणालास ना?"

"आईशप्पथ नाही," जयवंत म्हणाला. "तू येणार म्हणून कोणी हातसुद्धा लावला नाही."

मी बॉनेटवर तळहात ठेवला. चांगलं तापलेलं होतं. मुलुंडला जानेवारीतही दुपारचं ऊन चटकतं हे मला कळतं. पण शेजारची गाडीही त्याच उन्हात उभी होती आणि तिच्या बॉनेटवर मांजर निवांत झोपलं होतं. थंड इंजिन पहिल्यांदा चालू केलं की खोकतं, धूर टाकतं, पोटात असेल ते ओकतं. एकदा गरम करून ठेवलं की सगळी इंजिनं शहाण्या बाळासारखी वागतात. हे जयवंतला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही जयवंतला माहीत आहे. तरी आईची शपथ घेतो लेकाचा.

मी प्रबुद्ध. जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून द्यायची हे माझं काम. मी मेकॅनिक नाही, दुरुस्त काही करत नाही. बघायचं, सांगायचं, निघायचं. स्थळाची चौकशी करून येणाऱ्या मामासारखं आहे हे. सगळे चहा पाजतात आणि कोणालाच तुम्ही आवडत नाही. जयवंतचं जुन्या गाड्यांचं दुकान चेकनाक्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे मी वरचेवर जातो, म्हणून आमचं अरेतुरे चालतं. मैत्री म्हणाल तर नाही.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक होतं देवेश. तिशीतला, हसरा, घाईतला माणूस. मी फोनवर सगळ्यांना एकच सांगतो, की गाडी बघायला घरचे आणू नका. घरचे आले की गाडी तपासायची राहते आणि पसंत होऊन जाते. देवेशने "हो हो, एकटाच येतो" म्हटलं आणि अख्खं घर घेऊन आला. वडील धाकूकाका, पांढरी टोपी, मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केलेले. आई शेवंतीमावशी. बायको रुचिरा आणि तिच्या कडेवर तीन वर्षांची श्रुतिका. मी पोचलो तेव्हा काका मागच्या सीटवर बसून सीटला थोपटत होते.

"बरी आसा रे झिला," ते म्हणाले. "पाठी पाय लांब करूक येतत."

झाली पसंत. आता मी कशाला आलोय, असं मला वाटून गेलं.

"दादा, जरा लवकर होईल का?" देवेश म्हणाला. "बुधवारी गावाला जत्रा आहे. ह्या वेळी स्वतःच्या गाडीने न्यायचं बाबांना. एवढी वर्षं एसटीच्या दारात लटकून गेलेत ते. देवळासमोर गाडीतून उतरलेले बघायचेत मला."

"कुठून जाणार?"

"फोंडाघाटातून. सगळे मिळून."

सीटवर कोण बसणार हे मला कळलं की माझं काम अवघड होतं. म्हणूनच मी घरचे आणू नका म्हणतो.

कागद आधी पाहिले. चेसिसचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला, इंजिनचाही जुळला. रंग छान होता, राखाडी, चकचकीत. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं माझ्याकडे, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. मागच्या दारांवर आकडे कंपनीतून आल्यासारखे. पुढच्या उजव्या मडगार्डवर आल्यावर यंत्राने जो आकडा दाखवला, तो पाहून मी यंत्रच बिघडलं की काय म्हणून दुसरीकडे लावून पाहिलं. यंत्र ठीक होतं. पत्र्यावर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर चढवलेला होता आणि वर रंग. पुढची काच बाकीच्या काचांपेक्षा दोन वर्षांनी नवीन. बॉनेटच्या बोल्टांना पान्याच्या खुणा.

एवढ्याने गाडी वाईट ठरत नाही बरं का. मुंबईत मडगार्ड बदललेलं नाही अशी गाडी दाखवा. मी बॉनेट उघडलं आणि टॉर्च मारून आत वाकलो.

इंजिनच्या दोन बाजूंना दोन जाड लोखंडी दांडे असतात. समोरून धडक बसली की ते चुरगळायचे असतात, म्हणजे धडकेचा जोर तिथेच जिरतो आणि आतली माणसं वाचतात. त्यातला उजवा दांडा कापलेला होता. कापून, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा तुकडा आणून वेल्डिंग केलेलं आणि वरून काळा रंग फासलेला. बोट फिरवलं तर वेल्डिंगचा वळ सरळ हाताला लागला.

मी आत बसून किल्ली फिरवली. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. हा लागलाच नाही. स्कॅनर जोडला, तर एअरबॅगकडून उत्तरच येईना. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाला कडेने गोंद. म्हणजे एकदा फुगा फुटून गेला होता आणि आत पुन्हा कोणी भरलाच नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा मी जोरात हिसडला. पट्टा अडकायला हवा. तो सुरसुर बाहेर आला आणि माझ्या मांडीवर पडला.

पट्टा, फुगा, दांडा, तिन्ही गेलेले. असं रोज होत नाही.

देवेशला मी बॉनेटजवळ बोलावलं. "देवेश, हे बघ. गाडी पुढनं लागलेली आहे. जोरात लागलेली आहे."

त्याने टॉर्चच्या उजेडात बघितलं, मान डोलावली. त्याला काही कळलं नव्हतं. पण मागे शेवंतीमावशी उभ्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"काय म्हटलंस रे बाबा?" त्या म्हणाल्या. "लागलेली?"

"हो मावशी. लागलेली आहे गाडी."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

"आदीच्या मालकाक ठावक होता?"

"त्यालाच तर माहीत असणार. म्हणून तर विकली त्याने."

मावशींनी पदर डोक्यावर घेतला. "भायरसून तर काय दिसना नाय."

"बाहेरून नाहीच दिसत. आत आहे ते. झाकून ठेवलंय."

"आणि तुका कळला?"

"मावशी, रोजचं काम आहे माझं. हात लावला की कळतं."

त्यांनी मला दोन्ही हात जोडले. मला वाटलं, बाई आभार मानतेय. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे काम करताना कोणी हात जोडत नाही. मी जयवंतच्या कामाच्या पोराला गाडी रॅम्पवर चढवायला सांगितली, म्हणजे खालूनही बघता येईल, आणि खाली शिरलो. दांड्याचे फोटो काढले, पुढची चाकं हलवून पाहिली, स्टिअरिंगचे सांधे पाहिले. खालून तर तो जोड आणखीच वाईट दिसत होता. एका बाजूला वेल्डिंग भरलेलंच नव्हतं, नुसते टिपके मारून सोडून दिलेलं. रिपोर्टमध्ये मी तिथेच लिहून टाकलं: ही गाडी घेऊ नये. ते पाठवून दिलं देवेशच्या फोनवर. संपलं माझं काम, म्हटलं.

बाहेर आलो, गाडी खाली उतरवली, तोंड धुवायला नळावर गेलो. तोंडाला पाणी लावलं तोच मागून आरोळी आली.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

वळून बघतो तर धाकूकाका गाडीसमोर टोपी सारखी करून उभे. हातात नारळ. शेजारी मावशी डोळे मिटून, देवेश हात जोडून. आणि जयवंत! तो तर सगळ्यांच्या पुढे, मान खाली घालून.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरान गाडी घेवचा मनात आणल्यान. गाडयेक जा काय लागीर आसात, वाटेतला, वळणातला, तिनसांजेचा, ता हयल्या हय सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने जयवंत ओरडला. हा मूळचा वसईचा. मालवणी माणूस देवापुढे घालतो ते गाऱ्हाणं कशाशी खातात हे त्याला काय ठाऊक?

"आणि पोराबाळांका सुखरूप तुझ्या पायाक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी नारळ पुढच्या चाकाशी आपटला. पाणी टायरवर उडालं. आणि मला एकदम सगळं कळलं. लागलेली! मी म्हणालो ठोकर लागलेली, आणि मावशींनी ऐकलं भूत लागलेली. मी सगळ्या प्रश्नांना हो हो म्हणत गेलो होतो. माझ्या डोक्यात सणक गेली.

"अहो मावशी, थांबा! लागलेली म्हणजे ठोकलेली! अपघात! ॲक्सिडेंट झालाय गाडीचा!"

मावशींनी शांतपणे डोळे उघडले. "ठोकली कित्याक?"

"म्हणजे?"

"उगाच ठोकता काय कोण? तिच्यात कायतरी होता म्हणान ठोकली. आता ता गेला. देवाक सांगला ना ह्येनी."

आता ह्याच्यावर बोला.

"मावशी, नारळाने वेल्डिंग भरत नाही हो. आत लोखंड कापलेलं आहे. पट्टा अडकत नाही. एअरबॅग नाहीये आत, नुसतं झाकण आहे."

"यष्टीत खय असता तुझी एअरबॅग?" धाकूकाका म्हणाले. "जन्म गेलो आमचो."

"पट्टा मी नवीन टाकून देतो ना," जयवंतने मध्ये तोंड घातलं. "जोड पण मारून देतो पक्का. आणि प्रबुद्ध, काकांची श्रद्धा आहे. लोकांच्या श्रद्धेत आपण पडू नये यार."

"तू गप रे. नारळ कुठून आला?"

"ऑफिसातल्या देव्हाऱ्यातला दिला. पुण्याचं काम आहे."

मी देवेशला बाजूला ओढलं. "रिपोर्ट वाचलास?"

"वाचला दादा." त्याने खाली बघितलं. "पण जोड मारून देतो म्हणतोय ना तो. आणि बाबांचं गाऱ्हाणं घालून झालं. आता गाडी नको म्हटली तर ते म्हणणार, देवाला काय सांगू? तुम्हाला नाही कळायचं. आमच्यात एकदा देवाला सांगितलं की वस्तू आपली झाली."

"अरे, पण घाटात..."

"हळू चालवीन ना मी."

हळू चालवीन! समोरचा हळू येणार आहे का, असं मी विचारणार होतो. पण त्याचे कान केव्हाच बंद झाले होते. तो वडिलांकडे बघत होता. काका गाडीवरून हात फिरवत होते, गोठ्यातल्या बैलावरून फिरवावा तसा. मी काय बोलणार? बघायचं, सांगायचं, निघायचं. बघितलं, सांगितलं. मी बॅग उचलून बाईककडे निघालो.

"दादा, एक मिनिट."

रुचिरा होती. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. तिने श्रुतिकाला सासूकडे दिलेलं होतं.

"तो पट्टा मी पण ओढून बघितला," ती म्हणाली. "मागच्या सीटचा. तोही नाही अडकत."

"मग सांगा ना नवऱ्याला."

"सांगितलं. म्हणतो, तू आता मोडता घालू नकोस. सासऱ्यांच्या तोंडावर मी काय बोलणार? माझं कोण ऐकत नाही त्या घरात. तुमचं ऐकतील."

"माझं? आत्ता बघितलं ना किती ऐकलं ते."

"गाडीचं नाही ऐकणार." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांना सांगा, उतरलं नाही म्हणून. आई तुम्हाला जाणकार समजतायत. तुम्ही म्हणालात की अजून आहे गाडीत, तर त्या पाऊल ठेवणार नाहीत. आणि आई नाही म्हणाल्या की संपलं."

मला असा राग आला की हेल्मेट हातातून सुटलं.

"ताई, मी असलं बोलत नाही. मी बौद्ध माणूस आहे. आमच्या घरात हा विषय निघाला तर माझे बाबा जेवत्या ताटावरून उठतात. गाडीबद्दल काय विचारायचं ते विचारा. भूतबित माझ्या तोंडातून येणार नाही."

"मला पण नकोय हो भूत! मी बी.कॉम. आहे." तिचा आवाज चिरकला. "माझी पोरगी बसणार आहे त्या सीटवर. तुम्हीच लिहिलंय ना, घेऊ नये? मग मी काय करू ते तरी सांगा!"

मी हेल्मेट उचलून पुसायला लागलो. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग परत जाऊन पोरीला पुन्हा कडेवर घेतलं.

तिला शकुचं कुठून माहीत असणार. शकु माझी धाकटी बहीण. आम्ही सुट्टीत गावी गेलो होतो, बाबा इथे घाटकोपरला कामावर. शकुला ताप आला. ताप डोक्यात चढला तशी ती बडबडायला लागली, आम्हाला ओळखेना. आत्या म्हणाली, लागलंय पोरीला. धर्म बदलला तरी आत्याची भीती काही बदलली नव्हती. भगताकडे नेलं. नारळ झाला, लिंबं झाली, कोंबडं झालं. आई रडून सांगत होती, तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ या, एसटी दारावरून जाते. आईचं कोण ऐकतो? बाबा निरोप मिळताच निघाले, पण पोचले तेव्हा शकुला चटईवर सरळ करून ठेवलेलं होतं. नंतर डॉक्टरने बाबांना सांगितलं, मेंदूज्वर असणार. वेळेवर आणली असती तर बघता आलं असतं. त्यानंतर बाबा आत्याशी कधी बोलले नाहीत. तिच्या मयताला गेले, खांदा दिला, पण बोलले नाहीत. आमच्याकडे अंगाला हळद लागते, उन्हाळा लागतो, भूक लागते. त्या एका अर्थाने 'लागलं' म्हणायचं नाही, बस.

आणि ही बाई मला म्हणते, तेच म्हणा.

बाईकला किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली. तिकडे जयवंतने देवेशच्या हातात किल्ली ठेवली होती. "एक राऊंड मारून या ना," तो म्हणत होता. "हायवेला घ्या, बघा कशी पळते." काका पुढे बसले, टोपी मांडीवर ठेवून. मावशी मागे मधोमध चढल्या आणि त्यांनी हात पुढे केले. रुचिराने श्रुतिकाला त्यांच्याकडे दिलं. तिने काय करायचं होतं? पोरगी आजीच्या मांडीवर उभी राहून पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकली आणि समोरच्या काचेकडे बोट दाखवून हसायला लागली. तिच्या आणि त्या काचेच्या मध्ये काही नव्हतं. पट्टा नव्हता, फुगा नव्हता, आणि समोरचा दांडा नुसत्या टिपक्यांवर उभा होता.

मी बाईक तिथेच टाकली. गाडीपुढे जाऊन उभा राहिलो, बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"गाडी बंद कर, देवेश."

"काय झालं दादा?"

"बंद कर म्हटलं ना!"

त्याने बंद केली. मी मागचं दार उघडलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"मावशी, उतरा खाली. उतरलं नाही ते."

"काय?"

"गाडीत आहे अजून. नारळाने उतरलं नाही."

"ए प्रबुद्धा!" जयवंत धावत आला. "काय बरळतोस? येडा झालास काय? तू कधीपासून भगत झालास?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुका कसा ठावक?"

कसं ठाऊक? खोटं बोलायला सवय असावी लागते, मला ती नाही. मी जे बघितलंय तेवढंच सांगू शकतो. आणि मी जे बघितलं होतं ते तोंडातून बाहेर पडायला लागलं.

"माझ्या बहिणीला लागलं होतं," मी म्हणालो. "लहान होती. नारळ दिला. लिंबं उतरवली. कोंबडं दिलं. सगळे म्हणाले उतरलं, उतरलं आता. आई तेवढी म्हणत होती नाही उतरलं. कोणी ऐकलं नाही तिचं. गेली माझी बहीण."

जयवंतचं तोंड उघडंच राहिलं.

"तेव्हा असंच वाटत होतं. सगळं बरं झाल्यासारखं. मला कळतंय मावशी, मी बघितलंय. पोरीला घेऊन खाली उतरा. ह्या गाडीत नका बसू."

शेवंतीमावशींनी श्रुतिकाला छातीशी धरलं आणि त्या अशा झटक्याने उतरल्या की त्यांची एक चप्पल गाडीतच राहिली. रुचिराने पोरीला त्यांच्याकडून ओढून घेतलं. देवेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता.

"दादा, खरं सांगताय?" तो म्हणाला. "आईची शपथ?"

"खरं सांगतोय."

धाकूकाका मात्र हलेनात. टोपीच्या कडा दाबत ते समोर बघत होते. "देवाक सांगला मी," ते हळूच म्हणाले. "आता देवाक काय सांगू?"

"उतरा तुमी आधी," मावशी त्यांच्यावर खेकसल्या. "देवाक सांगलास म्हणान तर देवान ह्या झिलाच्या तोंडातसून सांगल्यान. कान फुटले काय तुमचे?"

काका उतरले. देवळासमोर ज्या गाडीतून उतरायचं होतं, तिच्यातून ते जयवंतच्या शेडसमोर, दाराला धरून, सावकाश उतरले. देवेशने त्यांचा हात धरला. किल्ली त्याने जयवंतला दिली नाही, बॉनेटवर ठेवली.

"परत ह्या दारात पाय ठेवू नकोस," जयवंत माझ्या कानाशी म्हणाला. "आणि बाहेर सगळ्यांना सांगतो, प्रबुद्ध गाड्यांतली भुतं काढतो म्हणून. बघू कोण बोलावतो तुला."

"सांग."

"हसतील रे तुझ्यावर."

हसतीलच. आणि त्याचं मला काही नव्हतं. मला बाबा दिसत होते. ते ह्या वेळी घरी दुपारचा चहा घेत असतील. मी काय बोललो ते त्यांना मी कधीच सांगणार नाही, आणि त्यांना कोणाकडून कळलं तर ते माझ्याशी भांडणार नाहीत. आत्याशी तरी कुठे भांडले?

मी बाईक सरळ केली. ती मंडळी रिक्षा शोधायला फाटकाकडे निघाली होती. रुचिरा जाताना माझ्याजवळ थबकली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. "तुमची बहीण..." एवढंच म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. बहिणीचं खरं होतं हे तिला कळलं असावं. मान फिरवून ती पोरीला घेऊन भराभर पुढे गेली.

मागून शेवंतीमावशी परत आल्या, एकट्याच, एका पायात चप्पल घालून. मला वाटलं चप्पल घ्यायला आल्या. पण त्या गाडीच्या बाजूला फिरकल्यासुद्धा नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या.

"काय नाव तिचा?"

"कोणाचं?"

"बहिणीचा रे तुझ्या."

बाबांनी आणि मी मिळून एवढी वर्षं ते नाव घरात जपून वापरलं होतं. जयंतीला, तिच्या वाढदिवसाला. कोणी विचारलं तर ताप आला होता, असं नीट सांगायचं. लहान मुलालासुद्धा नीट सांगायचं. ताप होता, मेंदूज्वर होता, दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं.

"शकु," मी म्हणालो.

"शकु." त्यांचे डोळे भरून आले. "बाय माझी ती. केवढी होती?"

"सहा वर्षांची."

"तिका सोडूक नाय ना रे त्येनी?"

ताप होता हो मावशी, नुसता ताप होता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. फाटकाशी रिक्षा थांबली होती. देवेश अजून बाहेर उभा होता आणि मान वळवून त्या राखाडी गाडीकडे बघत होता.

"नाही सोडलं," मी म्हणालो.

"आणि तू त्या गाडयेत बसलंस, आमच्यासाठी. खुळो खयचो. तुका काय झाला असता मगे?" त्यांनी डोळे पुसले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि माझी दृष्ट काढायला दोन्ही हात वर केले. त्या ठेंगण्या होत्या. हात माझ्या चेहऱ्यापर्यंत पोचेनात. त्यांनी एकदा टाचा उंचावून बघितल्या, पण एका पायात चप्पल नसल्यामुळे तोल जायला लागला.

मी मान खाली घातली.